पॉली भागिले लिम्फो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या आरोग्य पानावर तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरबद्दल लेख आला होता. साध्या सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरून, रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज बांधता येतो, असा त्याचा आशय. लेख बरा होता, लिहिणाऱ्यानं जपून लिहिलं होतं. माझी तक्रार शेजारच्या चौकटीबद्दल आहे. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्यानं भागा, उत्तर चारच्या वर आलं तर 'धोका', आणि तो शब्द तांबड्या रंगात. लेख निम्मे लोक वाचतात, चौकट सगळे वाचतात. अडीच वर्षांपूर्वी अशीच एक चौकट आमच्या घरात वाचली गेली. वर्तमानपत्र तुमचं नव्हतं, हे आधीच सांगते.

मी नाशिकमध्ये चौतीस वर्षं लॅब टेक्निशियन होते. यंत्रं यायच्या आधी डिफरन्शियल काउंट, म्हणजे कुठल्या जातीच्या पांढऱ्या पेशी शंभरात किती ते, आम्ही हातानं करायचो. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या काचेच्या कडेनं तो पुढं ओढायचा, जिभेच्या आकाराचा पातळ थर पडला पाहिजे. वाळला की लीशमनचा रंग, मग पाणी, मग तेलाचा थेंब टाकून शंभराचं भिंग. उजवा हात स्क्रूवर, डाव्याची बोटं काउंटरच्या बटणांवर, आणि शंभर पेशी होईपर्यंत मान वर करायची नाही. न्यूट्रोफिल हा शब्द आम्ही तोंडानं कधी वापरलाच नाही, ते आमचे पॉली, आणि लिम्फोसाइट त्या लिम्फो. पॉली, लिम्फो, इओसिन, मोनो. नॉर्मल माणसाचं साधारण पॉली ६५, लिम्फो ३० असं काहीतरी यायचं. तीच काच शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मोजली की पॉली चार-पाचनं इकडेतिकडे व्हायचे आणि आमचे साहेब त्याला चूक म्हणत नसत. पॉली ६८, लिम्फो २८ असेल तर भागाकार २.४ येतो. ७२ आणि २४ असेल तर ३. काच तीच, माणूस तोच. आता यंत्र हजारो पेशी मोजतं, त्यामुळे तो भाग मिटला. पण त्या काळात हा भागाकार कोणी करतही नव्हतं.

आता करतात, आणि त्याला कारण आहे. शरीरात कुठं जंतू शिरले, सूज आली, की पॉली धावून येतात. कॅन्सरची गाठही शरीराला अशीच धुमसत ठेवते, म्हणून पॉली वाढतात. लिम्फो ह्या गाठीविरुद्ध लढणाऱ्या पेशी, त्या कमी पडल्या की गाठीचं फावतं. म्हणजे वरचा आकडा मोठा आणि खालचा लहान, हे लक्षण चांगलं नाही. २०१४ मध्ये वेगवेगळ्या कॅन्सरचे शंभर अभ्यास, चाळीस हजारांहून जास्त रुग्ण, एकत्र करून हे तपासलं गेलं. ज्यांचा भागाकार जास्त होता त्यांच्या गटात मृत्यूचा धोका जवळपास १.८ पट निघाला. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे वेगळे अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतात. तेव्हा थोतांड आहे असं मी म्हणत नाही. पण कुठल्या अभ्यासात सीमारेषा दोनच्या आसपास, कुठल्या अभ्यासात पाचच्या. तुमच्या चौकटीतला चार हा त्यांतलाच एक. आणि हा हिशोब गटाचा आहे. जास्त भागाकारवाल्यांतही वर्षानुवर्षं जगणारे असतात, कमीवाल्यांतही लवकर जाणारे असतात.

आता घरातलं.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. तीन एकर थॉमसन. तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि डाव्या गालात धरायचा, दिवसातून दहा-बारा वेळा, वयाच्या विसाव्या वर्षापासून. गालाच्या आत चट्टा होता तो भाद्रपदात दुखायला लागला. ऑक्टोबर छाटणी आली, मजूर मिळायची मारामार, म्हणून छाटणी उरकेपर्यंत गडी डॉक्टरकडे गेला नाही. गेला तेव्हा तोंडात दोन बोटंही जात नव्हती. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला.

ऑपरेशनच्या आधीच्या सीबीसीत पॉली ७८, लिम्फो १५. भाच्याकडे, म्हणजे दाजींच्या मुलाकडे, कुठल्याशा पेपरचं ते चौकटीचं कात्रण होतं. रात्री साडेदहाला त्याचा फोन आला.

"मावशी, अण्णांचा रेशो पाच पूर्णांक दोन आलाय. म्हणजे किती महिने?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. विचारलं, त्यांची दाढ दुखतेय का? दुखत होती. उजव्या बाजूची, गाठीपासून लांबची, किडलेली, मुळाशी पू झालेला. शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायच्या आधी असले दात काढून टाकावेच लागतात, कारण नंतर जबड्याचं हाड भरून येत नाही. दाढ काढली, अँटिबायोटिक झालं, बारा दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं. पॉली ६६, लिम्फो २६. भागाकार २.५. भाचा पेढे आणायचा तेवढा राहिला होता. गालातली गाठ या बारा दिवसांत तसूभरही लहान झालेली नव्हती.

ऑपरेशन मोठं झालं. गाल, जबड्याचा तुकडा आणि मानेच्या गाठी काढल्या, छातीचं मांस वर फिरवून गालाच्या जागी लावलं. मानेतल्या दोन गाठींत रोग होता आणि तो गाठीची भिंत फोडून बाहेर आला होता. कॅन्सरच्या डॉक्टरांनी पुढचं ठरवताना पाहिलं ते हे. गाठ केवढी, हाडापर्यंत गेली का, कडा मोकळ्या आहेत का, भिंत फुटली का. भागाकार कोणी काढला नाही आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. रोग भिंतीबाहेर म्हणून शेकासोबत केमो ठरली. तीस शेक, सहा आठवडे, दर आठवड्याला एक सिसप्लॅटिन, ते केमोचं औषध. गावाहून रोज येणं झेपणारं नव्हतं, म्हणून दाजी आणि ताई इंदिरानगरला माझ्याकडे राहिले.

केमोच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. स्टिरॉइड गेलं की रक्तात पॉली वाढतात. शेकानं लिम्फो मरतात, त्या पेशी शेकाला सगळ्यांत आधी बळी पडतात. दोन्ही एकदम झालं की भागाकार कुठं जाईल ते तुम्हीच करून बघा. चौथ्या आठवड्यात पॉली ८६, लिम्फो ६. भाच्यानं १४.३ असा मेसेज पाठवला, सोबत दुसरा शब्द नाही. तो पोरगा त्या आठवड्यात झोपला नाही, असं त्याची बायको नंतर म्हणाली. ज्या अभ्यासांवरून तुमची चौकट बनली त्यांतले बहुतेक उपचार सुरू होण्याआधीच्या रक्तावर केलेले आहेत. चालू शेकातल्या रक्ताला तो नियम लावायचा नसतो. चौकटीत हे एक वाक्य असतं तर त्याला झोप लागली असती.

पण या पत्रात मला लिहायचंय ते दुसऱ्याच एका आकड्याबद्दल, आणि त्यात मीही आहे.

तिसऱ्या आठवड्यात लिव्हरच्या तपासण्या झाल्या होत्या. रिपोर्ट मीच मोबाइलवर उघडला. ताईनं विचारलं, काय आहे? मी सवयीनं एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन बघितलं आणि म्हटलं, नॉर्मल आहे सगळं. त्याच पानावर खाली अल्ब्युमिन, रक्तातलं एक प्रथिन, होतं, २.८. साडेतीनच्या वर हवं. माझ्या डोळ्यांनी तो आकडा पाहिला होता, मला आजही ती ओळ दिसते, शेजारी बारीक अक्षरात 'लो' छापलेलं. चौतीस वर्षं मी असले आकडे छापून पुढच्या टेबलावर सरकवत आले, त्याचं काय करायचं हे माझं काम नव्हतं. घरच्या माणसाच्या बाबतीतही हात तसाच पुढं सरकला.

अल्ब्युमिन नुसतं जेवणावर ठरत नाही, शरीरात सूज असली तरी उतरतं. म्हणूनच तोंडाच्या कॅन्सरमध्ये ज्याचं ते कमी त्याचं पुढचं अवघड, हेही अभ्यासांत दिसतं. पण आमच्या बाबतीत काय चाललं होतं ते सांगायला अभ्यास नको होता. तोंड आतून सोललेलं. ताई सकाळी पाण्यात मीठ-सोडा टाकून गुळण्यांचं पातेलं भरून ठेवायची. मग भाताची पेज, नाचणीची आंबील, मुगाचं कढण, तूप सोडून. दाजी वाटी हातात घेऊन बसायचे. एक घोट घेतला की डोळे मिटायचे आणि डाव्या हातानं मांडी धरायचे. पाऊण तासानं वाटीत निम्मं उरलेलं असायचं आणि ते म्हणायचे, झालं. ताई वाटी विसळून टाकायची आणि मला सांगायची, आज बरं जेवले. वजन ६४ वरून ५१ वर आलं.

नाकातून नळी घाला, असं नर्सनं एकदा सुचवलं होतं. दाजींनी उडवून लावलं. माल काढणीला आला होता, व्यापारी बागेत यायचे होते, नाकाला नळी चिकटवून सौदा करायला कसा बसू? आम्हीही जोर केला नाही. त्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होत्या, एक मजला खाली बसायच्या, हे मला फार नंतर कळलं. अल्ब्युमिनचा रिपोर्ट फाइलला लागला, फाइल शेकाच्या मजल्यावर राहिली, खाली कोणी पाठवली नाही. नाव घेत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. रोज गर्दीच एवढी, की फाइलमधलं पान उलटायला कोणाला फुरसत नव्हती.

बाविसाव्या शेकाला दाजी टेबलावरून उठताना पडले. अंगात पाणी नव्हतं, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण. केमो थांबली, शेक थांबला. नऊ दिवस. शेकात खंड पडला की रोग आटोक्यात राहण्याची शक्यता दर दिवसामागे साधारण टक्क्याच्या आसपास घटते, हे या विषयात जुनं, मान्य झालेलं ज्ञान आहे. म्हणूनच शेकाचे डॉक्टर एक दिवस चुकला तरी रागावतात. नळी शेवटी त्या नऊ दिवसांत घातली. दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजनं पावशेर पातळ सत्त्व, दूध, मिक्सरमधून काढलेलं अंडं, गाळून. उरलेले शेक नळीवर झाले आणि वजन दोन किलोनं वाढलं. नळी तीन आठवडे आधी घातली असती तर काय झालं असतं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. नऊ दिवस गेले नसते, एवढं मात्र मला माहीत आहे.

त्याच सुमारास गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या दाजींना मी हे सगळं सांगितलं, अल्ब्युमिनचं, माझ्या चुकीचं. आवाज घोगरा, नाकात नळी. म्हणाले, "आपण देठ परीक्षण करतो की बागेचं. रिपोर्टात पालाश कमी निघाला तर पालाश सोडतो. बाग किती वर्षं टिकंल ते त्यात कोण बघतंय?" द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगायला नको. इतर वाचकांसाठी सांगते, ठरलेल्या दिवशी वेलीच्या पानांचे देठ खुडून प्रयोगशाळेत पाठवतात, त्यावरून पालाशसारख्या खताचा डोस ठरतो. दाजींचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. दरवर्षी खराब रिपोर्ट येणारी बाग लवकर काढावी लागते, हे त्यांनाही माहीत होतं. पण रिपोर्ट हातात आल्यावर सकाळी उठून करायचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं आणि माझ्याकडे नव्हतं.

अर्थात दर आकड्याला खत सोडून भागत नाही. ताईचा हट्ट होता रक्त वाढवायच्या इंजेक्शनचा. दाजींचं हिमोग्लोबिन ९.६ होतं आणि हिमोग्लोबिन कमी असलं की शेकाचा परिणाम कमी होतो, हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. ऐकलेलं खरं आहे. गाठीत प्राणवायू कमी असला की शेक कमी लागू पडतो. मग एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन देऊन हिमोग्लोबिन वाढवलं तर? हे युरोपात करून पाहिलंय. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये तो अभ्यास आला, डोक्या-मानेच्या कॅन्सरचे ३५१ रुग्ण. इंजेक्शनवाल्यांचं हिमोग्लोबिन छान वाढलं, पण रोग मात्र त्यांच्यातच जास्त बळावला आणि जगणंही घटलं. हे ताईला पटवायला मला दोन दिवस लागले. तोवर बीट, डाळिंब, गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस हे सगळं फ्रीजमध्ये जमा झालं होतं. लिम्फो वाढवणारी म्हणून कुणीतरी विकलेली एक पुडीही त्यात होती, ती मी मोरीत रिकामी केली.

भाच्याचा एक मित्र अमेरिकेत असतो. त्यानं कळवलं, तिकडं रक्तातला विषाणूचा डीएनए मोजतात, गाठ परत येण्याआधी कळतं, तुमच्याकडे करत नाहीत का? करतात, पण ज्या कॅन्सरच्या मुळाशी विषाणू आहे त्यातच ते उपयोगी. टॉन्सिलच्या भागातले एचपीव्ही या विषाणूमुळे होणारे कॅन्सर तिकडं भरपूर. नाकामागच्या घशाचा कॅन्सर दक्षिण चीनमध्ये, आपल्याकडे नागालँड-मणिपूरकडे, त्यात ईबीव्ही नावाचा विषाणू. हाँगकाँगमध्ये वीस हजारांवर धडधाकट पुरुषांचं रक्त त्यासाठी तपासलं, ३४ जणांना रोग निघाला, बहुतेकांचा सुरुवातीचा. २०१७ ला तो अभ्यास आला आणि तो खरोखर कौतुकाचा आहे. आपला गालाचा कॅन्सर हा तंबाखूच्या पुडीचा. त्यात मोजायला विषाणूच नसतो. आपल्याकडे २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि द्वारकेच्या चौकात उभं राहून पाच मिनिटं इकडंतिकडं पाहिलं तर ती किती आहे ते कळतं, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

आठ महिन्यांनी मानेत गाठ परत आली. ताई-दाजी पंचवटी एक्स्प्रेसनं परळला टाटात जाऊन आले. पुन्हा ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. केमोच्या गोळ्या आणि त्याबरोबर निवोलुमॅब या प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधाचा अगदी लहान डोस सुरू झाला, २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीचा डोस २४० चा असतो, तो आपल्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही. हा लहान डोस टाटाच्याच डॉक्टरांनी अभ्यास करून दाखवलेला आहे. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६ टक्के होते, लहान डोस जोडल्यावर ते ४३ टक्क्यांवर गेले. त्या सहा महिन्यांत दाजींनी एक काढणी पाहिली आणि भाच्याला व्यापाऱ्याशी कसं बोलायचं ते शिकवलं. मागच्या श्रावणात ते गेले.

तेराव्यानंतर भाचा माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "कात्रण खरंच होतं ना, मावशी." मला त्या पोराला खोटं सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, ५.२ मध्ये दाढेचा पू होता आणि १४.३ मध्ये स्टिरॉइड. अण्णा गेले ते मानेतली भिंत फुटली होती म्हणून, तंबाखूमुळे, उशिरा गेलो म्हणून, कदाचित त्या नऊ दिवसांमुळेही. त्यानं विचारलं, नऊ दिवस कशामुळे? तेव्हा मी त्याला ते अल्ब्युमिनचं पान दाखवलं. तोवर ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. फाइलमधल्या सीबीसीच्या प्रत्येक पानावर पेन्सिलनं केलेला भागाकार होता, त्या पानावर एकही खूण नव्हती.

म्हणून विनंती. ती चौकट पुन्हा छापणार असाल, आणि छापालच, विषय लोकांच्या उत्सुकतेचा आहे, तर एवढ्या ओळी घाला. हा आकडा उपचार सुरू होण्याआधीचा धरतात. ताप, किडलेला दात, स्टिरॉइड, चालू केमो किंवा शेक असेल तर भागाकार करू नये. सीमारेषा सगळीकडे एकच नाही. आणि तांबडा रंग काढा. त्याजागी दुसरा एक प्रश्न छापता आला तर पाहा, जो रुग्णाच्या घरच्यांनी दर आठवड्याला शेकाच्या खोलीबाहेर विचारावा: वजन किती उतरलं, अल्ब्युमिन किती आहे, नळी कधी घालायची? तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण सांभाळणाऱ्या नाशिकच्या सगळ्याच हॉस्पिटलांना, आम्ही गेलो होतो त्यालाही, एक सुचवते. अल्ब्युमिन तीनच्या खाली आलं की लॅबमधूनच आहारतज्ज्ञांना फोन जाईल अशी व्यवस्था करा. पोटॅशियम फार वाढलं किंवा प्लेटलेट फार उतरले की आम्ही लॅबवाले रिपोर्टाची वाट न बघता वॉर्डात फोन करायचो, त्याची वही असायची, वेळ आणि फोन घेणाऱ्याचं नाव त्यात लिहायचो. त्याच वहीत अजून एक रकाना आखायला पट्टी आणि पेन पुरतं.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
इंदिरानगर, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये, ताईला ते आवडणार नाही.)